ठेव कोणाची, वही कोणाची?

व्यापाराचे भांडवल दोन ठिकाणी असते, असे आपल्या पेढ्यांवर पूर्वीपासून सांगितले जाई. एक तिजोरीत असते व दुसरे लोकांच्या मनात असते. पहिल्यास रोकड म्हणतात, दुसऱ्यास पत म्हणतात. रोकड बुडाली तर पतीच्या बळावर ती पुन्हा उभी करता येते. परंतु पत गेली म्हणजे शिलकी रोकडही फार काळ टिकत नाही. जगातील अत्यंत धनाढ्य अशा ज्या कंपन्या आज आपल्या खिशातील मोबाइलच्या द्वारे घरोघर जाऊन पोहोचल्या आहेत, त्यांची रोकड वर्षानुवर्षे वाढत आहे. पण त्यांच्याविषयीचा ग्राहकांचा विश्वास मात्र कमी होत चालला आहे. या विपरीत स्थितीचा विचार आपल्या व्यापारीबंधूंनी करावा, असे आम्हांस वाटते.

हा विषय दिल्ली-मुंबईचा आहे, वारासिवनीच्या बाजाराशी त्याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो रोजचा आहे. बालाघाटच्या चिन्नोर तांदळास २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वारासिवनीच्या हातमागाच्या साडीचे नावही दूरवर गेले आहे. या मालाची विचारपूस, नमुन्याचे छायाचित्र, भावाची घासाघीस व मागणी ही सर्व आता बहुतांशी व्हॉट्सअ‍ॅपवर होते. गल्ल्यापुढे क्यूआर कोडाची पाटी असते आणि पैसे जमा झाल्याची वर्दी यंत्र मोठ्याने देते. गिऱ्हाईक दुकानात येते, कापड हाताने चाचपून पाहते, आणि तेथेच उभे राहून अ‍ॅमेझॉनवरील भाव काढून दाखविते. म्हणजे आपली मागणी, आपला भाव, आपली वसुली आणि आपले गिऱ्हाईक या चारही गोष्टी कोणा दूरच्या पेढीच्या नजरेखालून जातात. ती पेढी कशी वागते, हे जाणून घेणे हा आपल्या धंद्याचाच भाग होय.

प्रथम गोपनीयतेचा प्रश्न घेऊ. फेसबुक कंपनीने २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप विकत घेतले. २०१६ मध्ये तिने आपले धोरण बदलले, तेव्हा जुन्या ग्राहकांना माहितीची देवघेव नाकारण्याची काही दिवसांची मुभा तरी दिली होती. जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या नव्या धोरणात तीही उरली नाही. मान्य करा, नाहीतर सेवा सोडा, असा त्याचा रोख होता. लोकांत खळबळ उडाली, पुष्कळांनी दुसऱ्या संदेशसेवांची वाट धरली, आणि कंपनीला मुदत फेब्रुवारीवरून मेपर्यंत पुढे न्यावी लागली. भारतीय स्पर्धा आयोगाने मार्च २०२१ मध्ये स्वतःहून चौकशीचा आदेश दिला व १८ नोव्हेंबर २०२४ रोजी मेटा कंपनीस २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड केला. अपिलात राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२५ मध्ये हा दंड कायम ठेवला. जाहिरातीसाठी माहिती देण्यावर आयोगाने घातलेली पाच वर्षांची बंदी मात्र रद्द केली.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. संदेशातील मजकूर कंपनी वाचते, असा हा आक्षेप नव्हता. तो मजकूर सांकेतिक रूपात बंद असतो. आक्षेप त्याच्या भोवतालच्या माहितीविषयी होता. कोणाचा क्रमांक कोणता, तो कोणत्या यंत्रावरून बोलतो, कोणत्या दुकानाशी व्यवहार करतो, ही ती माहिती. व्यापाऱ्यास तिचे मोल समजावून सांगण्याचे कारण नाही. पाकीट न फोडताही, कोणत्या पेढीचे पत्र कोणत्या पेढीस किती वेळा जाते एवढे ज्यास कळले, त्यास निम्मा बाजार कळला.

सुरक्षिततेचा अनुभवही असाच आहे. केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरण २०१८ मध्ये उघडकीस आले, तेव्हा ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती परक्या हाती गेली असावी, असा अंदाज फेसबुकनेच दिला, आणि त्यांत सुमारे ५ लाख ६२ हजार भारतीय होते. २०१९ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्या कंपनीस ५ अब्ज डॉलरचा दंड केला. दंडाची रक्कम मोठी दिसते. परंतु ज्याची माहिती गेली त्याच्या हाती ती परत आली नाही. चोरीस गेलेले सोने सापडले तर घरी आणता येते. एकदा पसरलेली माहिती कोणासही गोळा करून आणता येत नाही. म्हणून माहितीची राखण सोन्याहून अधिक दक्षतेने करावी लागते.

आता स्पर्धेकडे वळू, कारण व्यापारी म्हणून आपणास हा भाग अधिक लागतो. धान विकावयास आलेल्या शेतकऱ्याचा माल मंडीत लिलावाने जातो. मध्यप्रदेशातील कृषि उपज मंडी अधिनियम १९७२ चा आहे. व्यापारी, हमाल, मापारी या सर्वांस त्याखाली परवाना घ्यावा लागतो. अशी कल्पना करा की मंडीचे आवार एकाच सावकाराचे आहे. तागडी त्याची, लिलाव पुकारणारा त्याचा, प्रत्येकाच्या खरेदीविक्रीची वही त्याच्यापाशी, आणि शिवाय त्याच आवारात त्याचे स्वतःचे दुकान आहे. अशा मंडीत कोणता अडत्या निर्धास्त बसेल? मोठ्या ऑनलाइन बाजारांविषयीची तक्रार नेमकी ही आहे. दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये अ‍ॅमेझॉन व फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला. निवडक विक्रेत्यांस झुकते माप, अवाजवी सूट आणि काही मोबाइल संचांची एकाच ठिकाणी विक्री, हे त्यातील आक्षेप होते. युरोपातही हाच प्रश्न निघाला. बाजारात बसणाऱ्या इतर विक्रेत्यांची खाजगी माहिती आपल्या किरकोळ विक्रीसाठी वापरणार नाही, असे वचन अ‍ॅमेझॉनने दिले व युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये ते बंधनकारक केले.

गूगलची गोष्ट याहून निराळी नाही. आपल्या देशातील बहुसंख्य मोबाइल ज्या अँड्रॉइड प्रणालीवर चालतात, तिच्या बळाचा गैरवापर केल्याबद्दल ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने त्या कंपनीस १३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड ठोठावला, आणि मार्च २०२३ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. काही निर्देश मात्र गळले. पैशाच्या देवघेवीतही तेच चित्र आहे. २०१६ मध्ये सुरू झालेली यूपीआय ही व्यवस्था आपल्या देशाने उभारलेली एक अभिमानास्पद वस्तू आहे. तथापि २०२४ मध्ये तिच्यावरील पाच व्यवहारांपैकी चारांहून अधिक व्यवहार फोनपे व गूगल पे या दोघांच्याच हातून होत होते. कोणाही एकाचा वाटा शेकडा ३० हून अधिक असू नये, असा नियम राष्ट्रीय भरणा महामंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये केला. परंतु त्याच्या अंमलाची मुदत दोनदा पुढे ढकलून ३१ डिसेंबर २०२६ अशी ठरविण्यात आली. सडक सर्वांची, परंतु गाड्या दोघांच्याच, अशी ही अवस्था आहे.

यावर दोन उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले असे की, ग्राहक स्वतः संमती देतो, मग तक्रार कसली? दुसरे असे की, सेवा विनामूल्य आहे, मग तिचा मोबदला कोणत्या तरी रूपाने द्यावयास नको काय? दोन्ही उत्तरे वरवर सयुक्तिक दिसतात. परंतु ज्या करारास नकार देण्याची सोय नाही, त्यावरील सहीस आपण व्यवहारात संमती म्हणत नाही. ज्याची सारी गिऱ्हाइके एकाच संदेशसेवेवर आहेत, तो दुकानदार ती सेवा सोडून जाणार कोठे? विनामूल्यतेविषयी म्हणावयाचे तर मोबदल्यास आमची हरकत नाही. फुकट माल देऊन कोणाचीही पेढी चालत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु किंमत सौद्यापूर्वी सांगितली पाहिजे, आणि ती घेणाऱ्यास समजेल अशा भाषेत सांगितली पाहिजे. शेकडो ओळींच्या इंग्रजी मजकुराखाली 'मान्य' या शब्दावर बोट ठेववून घेणे यास भाव सांगणे म्हणता येत नाही.

आपल्या परंपरेत या दोषांना नावे आहेत, याचे स्मरण या स्मरणिकेत करणे उचित होईल. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात गृहस्थाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. त्यांत सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये रहोभ्याख्यान म्हणजे दुसऱ्याचे एकांतातील वर्तन उघड करणे, न्यासापहार म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव गिळणे, आणि साकारमंत्रभेद म्हणजे दुसऱ्याचा अभिप्राय ओळखून तो फोडणे, ही येतात. अचौर्याच्या अतिचारांत खोटी मापे येतात. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, गुपित फोडणे व ठेव गिळणे हे दोन दोष शास्त्रकारांनी एकाच व्रताखाली शेजारी ठेवले. माणसाची माहिती ही त्याने आपल्यापाशी ठेवलेली ठेवच होय, आणि ठेवीवर ठेवणाऱ्याचा हक्क असतो, राखणाऱ्याचा नसतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरविला. न्यायालयाचा मार्ग संविधानाचा आहे व आचार्यांचा मार्ग व्रताचा आहे. परंतु दोन्ही मार्ग एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

परंतु दुसऱ्याच्या तागडीकडे बोट दाखविताना आपली तागडीही तपासली पाहिजे. बिल करतेवेळी मोबाइल क्रमांक मागण्याची रीत आता सर्रास झाली आहे. तो क्रमांक कशासाठी घेतला, किती दिवस ठेवला, कोणास दिला, हे विचारले तर किती दुकानदारांस सांगता येईल? विक्रेत्यांनी क्रमांकाचा आग्रह धरू नये, अशी सूचना केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये दिली होती. त्याच वर्षी संसदेने वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा केला व नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. माहितीच्या राखणीत हयगय झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. हा कायदा केवळ परदेशी कंपन्यांसाठी आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. यंत्रावर गिऱ्हाइकांची यादी ठेवणाऱ्या पेढीसही त्याची कलमे वाचून घ्यावी लागतील.

नियमनाच्या नावाने व्यापाऱ्याच्या कपाळास आठी पडते, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु इतिहास काय सांगतो ते पाहावे. पुढे ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडात आपल्या वारासिवनीची गणना होत असे, त्यातील वऱ्हाडात कारंजा येथील कापसाचा बाजार १८८६ मध्ये नियमांखाली आला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. त्या काळी अविश्वास व्यापाऱ्याविषयी होता. काटा, कसर आणि दलाली यांविषयी होता. नियम आले म्हणून व्यापार बुडाला नाही. सचोटीच्या पेढीस लबाड पेढीशी हलक्या मापाने टक्कर देण्याची गरज उरली नाही, हा त्याचा लाभ प्रथम सचोटीच्या पेढीसच मिळाला. आज जी मागणी आपण मोठ्या कंपन्यांकडून करतो, ती त्याच जातीची आहे. बाजाराच्या मालकाने त्याच बाजारातील दुकानदारावर कुरघोडी करू नये, मापे सर्वांस सारखी असावीत, आणि वही ज्याची त्यास पाहावयास मिळावी, एवढेच हे मागणे आहे.

म्हणून आपल्या संघापुढे आम्ही काही सूचना ठेवतो. प्रत्येक सभासदाने गिऱ्हाइकाचा क्रमांक गरजेपुरताच घ्यावा, नको म्हणणाऱ्यास आग्रह करू नये, आणि घेतलेला क्रमांक दुसऱ्या कोणास देऊ नये. आपली सारी मागणी व वसुली एकाच कंपनीच्या सेवेवर विसंबून ठेवू नये. दुसरी वाट चालती ठेवावी. डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेल्या व पहिल्या पाच शहरांत आपल्या भोपाळचा समावेश असलेल्या ओएनडीसी या खुल्या व्यापारजालाचा अनुभव काही पेढ्यांनी घेऊन पाहावा. तो उपयोगी ठरतो की नाही, हे अनुभवांती ठरवावे. उधारीची व गिऱ्हाइकांची नोंद आपल्या स्वतःच्या वहीतही असावी, म्हणजे कोणी दार बंद केले तरी धंदा अंधारात पडणार नाही. आणि संघाने नव्या कायद्याचा सारांश सोप्या मराठी-हिंदीत छापून प्रत्येक दुकानी पोहोचवावा.

मोठ्या कंपन्यांचा त्याग करा, असे आम्ही सुचवीत नाही. त्यांच्या सेवेने आपल्या तांदळास व साडीस दूरची गिऱ्हाइके मिळाली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु सोय व विश्वास या दोन भिन्न वस्तू आहेत. सोय कितीही मोठी झाली तरी ती विश्वासाची जागा भरून काढीत नाही. ज्या विश्वासासाठी या कंपन्या आज कोट्यवधी रुपयांच्या जाहिराती करतात, तो वारासिवनीतील लहानशा दुकानदारास गिऱ्हाईक आपण होऊन देते. कारण ते त्याला, त्याच्या घराला व त्याच्या वागणुकीला ओळखते. हे धन वडिलार्जित आहे आणि ते आपल्या हयगयीने खर्ची पडू नये, याची काळजी प्रत्येक सभासदाने वाहावी, अशी आमची नम्र विनंती आहे.