धानाच्या बापाचं नाव लिहा

ह्या देशात आमच्या माणसाला बापाचं नाव सांगितल्याशिवाय एक कागद मिळत नाही. शाळेच्या दाखल्यावर बाप, सातबाऱ्यावर बाप, जातीच्या दाखल्यासाठी तर आजा आणि खापरपणजापर्यंत उकरून काढा म्हणतात. ठीक आहे. मग आज आम्ही विचारतो : एचएमटी धानाच्या बापाचं नाव काय?

दुकानदाराला विचारा. तो घड्याळाच्या कंपनीचं नाव सांगेल. शेतकी कॉलेजातल्या पोराला विचारा. तो विद्यापीठाचं नाव सांगेल. ताटातला बारीक, मऊ भात बोटानं कालवणाऱ्या साहेबाला विचारा. तो म्हणेल, काहून बा, भाताला बाप असते का?

असते. दादाजी रामाजी खोब्रागडे. मुक्काम नांदेड, तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर. गोदावरीकाठचं नांदेड नव्हे, झाडीपट्टीतलं, जंगलाच्या काठचं. शिक्षण तिसरी. जमीन दीड एकर. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली, त्या वेळी मिसरूड फुटत असलेल्या पिढीतला हा माणूस. ३ जून २०१८ ला गडचिरोलीतल्या शोधग्रामच्या दवाखान्यात गेला, तेव्हा वय ऐंशीला टेकलं होतं.

काम काय केलं ते नीट ऐका. १९८३ साली बांधीत 'पटेल ३' धान उभं होतं. त्यात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणा पिवळसर, बारीक. दुसरा कोणी असता तर विळा मारून पेंढीत बांधून मोकळा झाला असता. ह्या माणसानं त्या लोंब्या बाजूला काढल्या, बी जपून ठेवलं. पुढच्या साली वेगळं पेरलं. रानडुकरं येऊन नासतील म्हणून भोवती काटे लावले. निघालं त्यातलं सरस पुन्हा निवडलं, पुन्हा पेरलं. असं सालोसाल. पऱ्हे टाकणं, रोवणा, निंदण, कापणी, निवड. प्रयोगशाळा नाही, भिंग नाही, पगार नाही, दिमतीला मदतनीस नाही. डोळा, बोटं आणि धीर.

एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या वाणातून हे बी निघालं त्याचं नाव 'पटेल ३'. ते जबलपूरच्या कृषी विद्यापीठातल्या डॉ. जे. पी. पटेल यांनी काढलं म्हणून पटेल. चांगली गोष्ट आहे. बापाचं नाव लागलं. पण त्याच धानातून दादाजीनं नवा वाण काढला, तर तो 'खोब्रागडे १' झाला नाही. १९९० च्या सुमाराला तळोधीच्या बाजारात माल गेला. त्या दिवसांत एचएमटी घड्याळाची चलती होती, म्हणून व्यापाऱ्यानं धानाला घड्याळाचं नाव दिलं. पिकवणाऱ्याच्या नावापेक्षा घड्याळाला भाव होता!

मग आले शिकलेले लोक. १९९४ साली सिंदेवाहीच्या संशोधन केंद्रानं दादाजीकडून पाच किलो बी नेलं. १९९८ साली पंजाबराव कृषी विद्यापीठानं तेच धान 'पीकेव्ही एचएमटी' म्हणून बाहेर काढलं. विद्यापीठ म्हणालं : तुमच्या बियाण्यात भेसळ होती, आम्ही शुद्धीकरण केलं.

शुद्धीकरण!

हा शब्द आमच्या ओळखीचा आहे, साहेब. २० मार्च १९२७ ला आमच्या माणसांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यालं, तेव्हाही तुमच्या लोकांनी शुद्धीकरणच केलं होतं. गोमूत्र आणि शेणाचे घडे ओतून. आमचा हात लागला की पाणी बाटतं. आमच्या हातातून निघालं की बियाणंही भेसळीचं होतं. तुमच्या हाताला गेलं की दोन्ही शुद्ध!

बियाण्यातून परकं रोप काढून टाकणं हे शास्त्राचं काम आहे, ते आम्हाला कळते. त्याला नावं ठेवत नाही. पण तेच काम दादाजीनं कितीतरी साल आधी बांधीत उभं राहून केलं होतं. आणि समजा, थोडी साफसफाई तुम्ही केली. मूल जन्मल्यावर त्याला आंघोळ घालते ती दाई. दाईनं उद्या उठून दाखल्यावर बाप म्हणून सही करायची काय?

त्यात हे विद्यापीठ कोणाच्या नावाचं? अस्पृश्यांसाठी अमरावतीच्या अंबादेवी मंदिराच्या सत्याग्रहात उभ्या राहिलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचं. पाटीवर पंजाबराव. पाटीमागं काय, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

कोणी म्हणेल, कायदा काय म्हणतो? १९९८ साली शेतकऱ्याच्या वाणाला संरक्षण देणारा कायदाच नव्हता. तो झाला २००१ साली. त्याच्या कलम ३९ मध्ये लिहिलं आहे की नवा वाण काढणारा शेतकरीसुद्धा पैदासकारच, त्यालाही नोंदणीचा हक्क. म्हणजे चूक होती हे सरकारच्या छापील कागदानंच कबूल केलं. फक्त तोवर धान छत्तीसगड, मध्यप्रदेश, आंध्र-तेलंगणापर्यंत पोचलं होतं, आणि दादाजी दीड एकरावरच होता.

मग सत्कार सुरू झाले. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलामांच्या हातून पुरस्कार. पुढं राज्य सरकारचं सोन्याचं पदक, जे खोटं निघाल्याची बातमी पेपरांनी छापली. २०१० साली 'फोर्ब्स'च्या यादीत नाव. शाल, नारळ, फोटो. शेवटची वर्षं लकव्यात आणि पैशाच्या तंगीत. शालीनं दवाखान्याचं बिल भागत नाही, बाप्पा.

आणि मेल्यावर? 'साधाभोळा शेतकरी', 'आधुनिक एकलव्य'. ह्या दोन्ही शब्दांवर आमचा आक्षेप आहे. तो भोळा नव्हता. भोळ्या माणसाला बांधीतली वेगळी लोंब दिसत नाही. आणि एकलव्य तर मुळीच नव्हता. एकलव्यानं अंगठा कापून दिला आणि गप्प बसला. ह्या म्हाताऱ्यानं अंगठा दिला नाही. बी गेलं, तरी तो पुन्हा बांधीत उतरला आणि नवे वाण काढले : विजय नांदेड, नांदेड ९२, नांदेड हिरा, दीपक रत्न. वाणामागून वाणाला त्यानं आपल्या गावाचं नाव दिलं. आणि एकाला दिलं डीआरके. दादाजी रामाजी खोब्रागडे! कोणी नाव लावत नाही काय? मीच लावतो. हे त्याचं उत्तर होतं. ह्याला आम्ही लढाई म्हणतो.

आता थोडं आपल्यातल्या आपल्यात. चांद्यात खोब्रागडे म्हटलं की बॅरिस्टर राजाभाऊ आठवतात. आठवलेच पाहिजेत. राज्यसभेचे उपसभापती झालेला आपला माणूस. पण त्याच आडनावाचा हा चिखलातला माणूस किती विहारांच्या भिंतीवर आहे? आपण वकील मोजतो, कवी मोजतो, पुढारी तर मोजूनच थकतो. खळ्यावर शेवटी उभं राहून बलुत्याचं सूप पुढं करणाऱ्या समाजातल्या माणसानं अख्ख्या मुलखाचं खळं भरून दिलं, ही गोष्ट आपल्याच भाषणांत येत नाही. जमीन नाही, जमीन नाही म्हणता म्हणता जमिनीचं ज्ञान आपल्याकडं आहे हेच आपण विसरलो. दुसऱ्यानं चोरलं म्हणून ओरडायच्या आधी ते आपलं आहे हे तर म्हणा!

म्हणून तीन मागण्या. शेतकऱ्याच्या बियाण्यातून विद्यापीठानं वाण काढला, तर त्याच्या पोत्यावर त्या शेतकऱ्याचं आणि गावाचं नाव छापा. शेतकी कॉलेजच्या पुस्तकात दादाजीची निवडपद्धत धडा म्हणून घाला, गोष्ट म्हणून नको. आणि गावागावांतल्या पोरांनो, तुमचा आजा कोणतं बी जपतो, कुठून आणलं, कसं निवडतो, हे साल घालून वहीत लिहा. कायदा आता आहे, पण कायद्याला कागद लागतो. आज्याजवळ डोळा आहे, तुमच्याजवळ अक्षर आहे. दोन्ही एका बांधीत आणा.

आमच्या बापाचं नाव तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या विचारलं. आता धानाच्या बापाचं नाव लिहा. स्पष्ट अक्षरात. पूर्ण नाव, गावासकट.