कथलाचें नाणें

आम्हां रहाटणीकरांस कथील ठाऊक तें कल्हईपुरतें. परंतु या मऊ धातूचें नाणेंही मुंबईंत पडलें होतें. १६७२ च्या सुमारास इंग्रजांनीं तेथें टांकसाळ घातली व चार धातू अजमाविले: सोन्याचें ‘कॅरोलिना’, रुप्याचें ‘अँग्लिना’, तांब्याचें ‘कॉपरून’ आणि कथलाचें ‘टिनी’. पहिलीं दोन सावकाराच्या पेटींत जावयाचीं. ‘टिनी’ची गांठ भाजीवालीशीं. कथील २३२ अंशांवरच, म्हणजे साध्या चुलीवरही वितळतें; मग खोटें नाणें ओतणारास प्रयास तो काय? खुद्द इंग्लंडांत १६८४ सालीं कथलाच्या फार्दिंगमध्यें याच भयास्तव तांब्याची चौकोनी खुंटी बसविली. युक्ति नामी खरी. पण दोन धातूंच्या सान्निध्यानें, ओल लागतांच, कथील अधिकच झिजूं लागलें.