उत्तरेच्या देशी सहलीचा बेत

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की घरोघरी थंड हवेच्या ठिकाणांची चर्चा सुरू होते. शिमला, उटकमंड, महाबळेश्वर ही नावे आपल्या परिचयाचीच आहेत. अलीकडे मात्र मध्यम स्थितीतील काही कुटुंबे चार-पाच वर्षे पैसा साठवून नॉर्वेसारख्या उत्तरेकडील देशाचाही विचार करू लागली आहेत. हा विचार अयोग्य नाही. तथापि त्यासाठी "दहा दिवसांत पाच देश" ही पद्धत पत्करणे मात्र खचित अयोग्य. तिच्यात पैसा अधिक जातो, इंधन अधिक जळते आणि स्मरणात राहतात ते केवळ विमानतळ. म्हणून या वेळी एकच देश, दोन आठवडे, देशांतर्गत विमान नाही आणि भाड्याची मोटारही नाही, अशा सहलीचा आराखडा आपणांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हिशेबाची गोष्ट. दिल्ली किंवा मुंबईहून ऑस्लोला जाऊन परत येणे म्हणजे सुमारे 12 ते 13 हजार किलोमीटरांचा विमानप्रवास होय. साध्या वर्गातील एका उतारूच्या वाट्याला त्यातून दीड टनाच्या आसपास कर्बवायू येतो. भारतात दरडोई वर्षभराचे उत्सर्जन सुमारे दोन टन आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या एका प्रवासाचे वजन कळून येते. तेथे गेल्यावर कापडी पिशवी वापरल्याने हे वजन फिटत नाही. यावर प्रामाणिक उपाय दोनच: असा प्रवास क्वचित, दहा वर्षांतून एखादे वेळी करावा; आणि केला तर तेथे निवांत राहून आणखी उड्डाणे टाळावीत.

नॉर्वेची निवड आम्ही याच कारणासाठी केली. त्या देशातील बहुतेक वीज धबधब्यांच्या व जलाशयांच्या पाण्यावर निर्माण होते. ऑस्लोतील ट्राम, भुयारी रेल्वे आणि बर्गेनकडे जाणारी आगगाडी या सर्व विजेवर चालतात. हाच देश तेल व वायू परदेशी विकून संपन्न झाला आहे, हेही मुलांना सांगावे. सहलीतून अर्धे सत्य शिकू नये.

आता मार्ग पाहू. पहिले तीन दिवस ऑस्लोत घालवावेत. विगेलांड या शिल्पकाराच्या दोनशेहून अधिक शिल्पांचे उद्यान पाहावयास तिकीट लागत नाही. शहरातील वाहनांच्या तिकिटावरच जवळच्या लहान बेटांवर बोटीने जाता येते. चौथ्या दिवशी बर्गेनची गाडी धरावी. हा लोहमार्ग 1909 साली पूर्ण झाला. विमानास या प्रवासाला एक तासही लागत नाही, गाडीस सुमारे सात तास लागतात. पण हे सात तास हीच सहल आहे, असे समजावे. वाटेत फिन्से हे 1222 मीटर उंचीवरील स्थानक लागते. तेथे मोटारीचा सार्वजनिक रस्ता पोहोचतच नाही. भर जुलैतही तेथे बर्फाचे पट्टे दिसतात आणि समोर हार्डांगरयोकुलेन ही हिमनदी असते. तेथे दोन रात्री राहावे. बर्फावर मात्र वाटाड्याविना पाऊल टाकू नये.

फिन्सेहून पुढे मिर्डाल स्थानकावर गाडी बदलून फ्लोमला उतरावे. हा केवळ 20 किलोमीटरांचा फाटा 866 मीटर उंचीवरून जवळजवळ समुद्रसपाटीपर्यंत येतो. त्याचा चढ काही ठिकाणी अठरास एक इतका तीव्र आहे. आपल्या बोरघाटात तो सदतीसास एक आहे. नीलगिरीच्या गाडीप्रमाणे येथे दातेरी रूळही नाही. फ्लोमच्या परिसरात तीन रात्री काढून बोटीने गुडवांगेनला जावे. ही वाट नेरॉयफ्योर्डातून जाते. फ्योर्ड म्हणजे हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्यांत शिरलेला समुद्र. हा फ्योर्ड 17 किलोमीटर लांब असून एके ठिकाणी जेमतेम 250 मीटर रुंद आहे. 2005 पासून तो जागतिक वारसा मानला जातो. येथे 2018 पासून विजेवर चालणारी बोट आहे, आणि 1 जानेवारी 2026 पासून लहान प्रवासी जहाजांना वारसा-फ्योर्डांत धूरमुक्त असण्याचे बंधन लागू झाले आहे. मोठ्या जहाजांना 2032 पर्यंत मुदत आहे. तेव्हा मोठ्या विहारनौकेचा मोह टाळणेच बरे. गुडवांगेनहून बसने व्हॉस, आणि तेथून गाडीने बर्गेन. तेथील ब्रिगेन भागातील लाकडी व्यापारी घरे पाहण्यासारखी आहेत. तीन दिवसांनंतर रात्रीच्या गाडीने ऑस्लोला परतावे. वाटेत उतरावयाचे असल्यामुळे प्रत्येक टप्प्याचे तिकीट स्वतंत्र काढावे आणि ते जितके आधी काढाल तितके स्वस्त पडते.

खर्चाविषयी स्पष्ट बोललेले बरे. नॉर्वे महाग आहे. एका क्रोनला आठ ते दहा रुपये पडतात आणि उपाहारगृहात चार माणसांचे एक जेवण म्हणजे घरच्या कित्येक दिवसांचा किराणा होतो. यावर तोड म्हणजे सामायिक स्वयंपाकघर असलेली युवक-वसतिगृहे. तेथे कुटुंबासाठी स्वतंत्र खोल्याही मिळतात. ऑस्लोच्या ग्रोनलांड भागातील दुकानांत डाळ, तांदूळ व मसाले मिळतात. ते घेऊनच पुढे निघावे. घरून तूप, पेढे किंवा खव्याचे पदार्थ नेऊ नयेत. युरोपाबाहेरचे दूध-मांसाचे पदार्थ बरोबर आणण्यास तेथे मनाई आहे. पाणी कधीही विकत घेऊ नये, कारण नळाचे पाणी उत्तम असते. पेयाची बाटली घेतलीच तर तिच्या किमतीत दोन-तीन क्रोनांची अनामत असते. रिकामी बाटली दुकानातील यंत्रात टाकताच ती परत मिळते. हे काम मुलांकडे सोपवावे.

कपड्यांसाठी नवी खरेदी करण्याचे कारण नाही. जुलैत ऑस्लोची दुपार वीस-बावीस अंशांची, तर फिन्सेची हवा दहाच्याही खाली असू शकते. लोकरीचा पातळ सदरा, त्यावर स्वेटर आणि त्यावर पाऊस-वारा आत न येऊ देणारे जाकीट, असे तीन पदर पुरेत. ते आप्तांकडून उसने मिळाल्यास अधिकच चांगले. बर्गेनमध्ये वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पाऊस असतो. वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही.

या देशाचा एक कायदा आपणां सर्वांना विचार करावयास लावील. 1957 च्या या कायद्याने शेती व वस्ती सोडून मोकळ्या रानात कोणासही पायी हिंडण्याचा हक्क आहे, मग जमीन कोणाचीही असो. तंबूही ठोकता येतो. मात्र तो राहत्या घरापासून 150 मीटर दूर हवा आणि दोन रात्रींहून अधिक मुक्काम करावयाचा तर सामान्यतः मालकाची अनुमती हवी. 15 एप्रिल ते 15 सप्टेंबर या काळात रानात वा रानालगत शेकोटी पेटविण्यास मनाई असते. 1868 साली स्थापन झालेल्या तेथील पर्यटन-संघाच्या कित्येक डोंगरी झोपड्यांत राखणदार नसतो. फडताळातील शिधा प्रवाशाने घ्यावा, घेतलेल्याची नोंद करावी, पैसे भरावेत आणि निघताना खोली झाडून ठेवावी. हक्क टिकतो तो अशा जबाबदारीवर.

कागदपत्रांची तयारी तीन महिने आधी करावी. नॉर्वे शेंगेन-व्यवस्थेत असल्यामुळे तोच प्रवेश-परवाना लागतो. प्रौढांस शुल्क 90 युरो आहे, आणि निदान 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांच्या आत करता येतो. रोख पैशांचा वापर तेथे फारसा उरलेला नाही. परदेशी चालणारे बँकेचे कार्ड हवेच. घरात वृद्ध मंडळी येणार असतील, तर फिन्सेचा मुक्काम एका रात्रीचा करून बर्गेनचा एका दिवसाने वाढवावा.

फिन्सेसमोरची ती हिमनदी दरवर्षी आक्रसत आहे आणि तिच्या दर्शनास जाणाऱ्या विमानांचा धूरही त्याला थोडाफार कारण आहे. ही गोष्ट ध्यानात घेऊन कुटुंबाने एकत्र बसून निर्णय करावा. जावयाचे ठरले तर थोड्या ठिकाणी, सावकाश आणि पूर्ण मनाने जावे. यंदा नको असे ठरले तरी काही हानी नाही. कालक्याहून शिमल्याला जाणारी 1903 सालची लहान गाडी आजही 96 किलोमीटर धावते. एक मार्ग, मोजके सामान, वाटेत उतरण्याची सवड आणि आपला कचरा आपल्याबरोबर, हे नियम तिथेही तितकेच लागू पडतात.