धनुष्कोडी : चौकटीबाहेरची माणसे

रामेश्वर बेटाच्या टोकाशी, धनुष्कोडीच्या पुळणीवर, आम्हीही कॅमेरा घेऊन गेलो होतो. सोसाट्याचा वारा, उडती वाळू, छप्पर गेलेले चर्च. छायाचित्रे सुरेख आली, आणि खोटी. १९६४ च्या डिसेंबरातील चक्रीवादळाने हे गाव आणि प्रवाशांसकट एक आगगाडी गिळली, हे खरेच. परंतु सरकारने वस्तीस अयोग्य ठरवलेल्या त्याच वाळूत मच्छीमार कुटुंबे झावळ्यांच्या झोपड्या बांधून राहतात. त्यांना वगळून 'भुतांचे गाव' रंगवण्याचा अधिकार आपल्या प्रवासलेखनाला कोणी दिला? (२०१७ पासून अरिचलमुनईपर्यंत पक्का रस्ता आहे, 'दुर्गम' हे विशेषणही आता आवरावे.) कलावंताला निवडीचे स्वातंत्र्य असते, असे उत्तर येईल. आम्हीही ते घेतले: वाळत घातलेली जाळी चौकटीत येऊ नयेत म्हणून दोन पावले बाजूला सरकलो.