न्यायाचें मापटें

काल सायंकाळीं परवचा आटोपल्यावर आमच्या धाकट्या नातवानें विचारलें, “आजोबा, दुसऱ्या देशाचा सत्ताधीशच गुन्हेगार असला, तर त्यास धरून आणण्यांत पाप तें काय?” प्रश्न लहान तोंडचा असला तरी लहान नाहीं. वाचकांच्या घरींही तो निघत असेल, म्हणून त्याचें उत्तर येथें देत आहें.

बिभीषणानें रावणास हनुमंताच्या वधापासून परावृत्त केलें, तें दूत अवध्य असतो या न्यायानें. परराज्याच्या वतीनें बोलणारास हात लावला, तर राज्याराज्यांतील बोलणेंच खुंटेल, हें त्यामागील इंगित. तेंच तत्त्व राष्ट्रप्रमुखासही लागू आहे. बेल्जमनें कांगोच्या परराष्ट्रमंत्र्यावर काढलेलें पकड-वॉरंट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानें १४ फेब्रुवारी २००२ रोजीं बेकायदा ठरविलें. राष्ट्रप्रमुख, पंतप्रधान व परराष्ट्रमंत्री अधिकारावर आहेत तोंवर परदेशच्या फौजदारी न्यायालयानें त्यांस धरूं नये, असा हा दंडक. मात्र स्वदेशीं, आंतरराष्ट्रीय न्यायपीठापुढें, अथवा अधिकार सुटल्यावर त्यांस जाब द्यावा लागूं शकतो; अभय म्हणजे दंडमाफी नव्हे, हेंही न्यायालयानें बजावलें.

आतां पनामाचें उदाहरण घ्या. तेथील सेनापति नोरिएगा हा प्रत्यक्षांत सर्वसत्ताधीश होता. मादक द्रव्यांच्या व्यापाराबद्दल अमेरिकेंत १९८८ सालीं त्याच्यावर आरोप ठेवले गेले. २० डिसेंबर १९८९ रोजीं अमेरिकेनें पनामांत सैन्य घुसविलें. नोरिएगानें पोपच्या वकिलातींत आश्रय घेतला व ३ जानेवारी १९९० रोजीं तो शरण आला. मायामीच्या न्यायालयानें १९९२ सालीं त्यास ४० वर्षांची शिक्षा दिली. आमच्या सरकारनें त्यास राष्ट्रप्रमुख मानलेंच नव्हतें, आणि तो कसा आणला गेला यानें खटल्यास बाध येत नाहीं, असें तेथील न्यायालयांचें म्हणणें. परंतु संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें २९ डिसेंबर १९८९ रोजींच, ७५ विरुद्ध २० मतांनीं, ही स्वारी आंतरराष्ट्रीय कायद्याचा उघड भंग ठरविली होती.

एवंच, आरोपी दोषी आहे काय, आणि त्यास आणण्याची रीत न्याय्य होती काय, हे प्रश्न निराळे. पहिल्याचें उत्तर दुसऱ्यास लागू पडत नाहीं.

“पण तो दुष्टच होता ना?” नातवानें हट्ट सोडला नाहीं. तेव्हां मीं त्यास मार्सेल्सची हकीकत सांगितली. ८ जुलै १९१० रोजीं सावरकरांनीं बोटींतून समुद्रांत उडी घेऊन फ्रान्सचा किनारा गांठला. फ्रेंच शिपायानें त्यांस धरून इंग्रजांच्या स्वाधीन केलें. पुढें फ्रान्सनें त्यांस परत मागितलें. हेगच्या लवादानें २४ फेब्रुवारी १९११ रोजीं अटकेंत अनियमितता झाल्याचें कबूल केलें. तरी त्यांस परत देण्यास इंग्लंड बांधलेलें नाहीं, असा निवाडा दिला. सावरकर राष्ट्रप्रमुख नव्हते, हें खरें. पण एकदां माणूस हातीं आला कीं रीतीचा दोष पुसला जातो, हा विचार तोच.

“हें बरोबर नाहीं झालें,” नातू हळूच म्हणाला.

“मग बाळ, मापटें एकच ठेव. रीत पाळल्यानें कांहीं दुष्ट सुटतात, हें मलाही डांचतें. परंतु आवडत्यास एक मापटें व नावडत्यास दुसरें लावूं लागलों, तर उद्यां ज्याच्या मनगटांत बळ, तोच न्यायाधीश होईल.”