गोळ्या लिहिण्याआधी एकदा सांगायचं होतं

डॉक्टरसाहेब,

हिंगणीची म्हातारी तुमच्या लक्षात असेल की नाही, कोण जाणे. मी तिची मुलगी. फाइल घेऊन दाराशी उभी राहायची, ती.

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि तुम्ही कॅपेसिटाबिन लिहून दिलं. चौदा दिवस गोळ्या, सात दिवस सुटी. आम्ही सेलूमार्गे गावी आलो. सहाव्या दिवशी आईच्या तोंडात फोड आले. नवव्या दिवशी ज्वारीची आंबीलसुद्धा गिळवेना. वाटी ओठाला लागली की डोळ्यांतून पाणी. जुलाब थांबेनात. जन्मभर पऱ्हाटीतून कापूस वेचून राठ झालेले तिचे तळहात सोलून निघाले, साधं पाणी लागलं तरी कळवळायची. फोन केला तर, ‘किमोत असं होतंच, गोळ्या बंद करू नका.’ आम्ही ऐकलं. अकराव्या दिवशी तापानं फणफणली, पांढऱ्या पेशी जवळपास संपलेल्या. तीन आठवडे दवाखान्यात काढून ती वाचली.

‘एखाद्याला नाही सोसत,’ तुम्ही म्हणालात. कोणाला सोसणार नाही हे पुष्कळदा आधी कळू शकतं, डॉक्टरसाहेब, आणि ते मला तुमच्या तोंडून कळलं नाही. या गोळीचं शरीरात फाइव्ह-एफयू होतं, १९५७ पासून माहीत असलेलं औषध. त्यातला ८० टक्क्यांहून जास्त भाग डीपीडी नावाचं एन्झाइम मोडून टाकतं. ज्यांच्या डीपीवायडी जनुकात खोट असते त्यांच्या अंगात औषध साचत राहतं आणि नेहमीचा डोस विष होतो. रक्ताच्या तपासणीत ही खोट दिसली, तर निम्म्या डोसनं सुरुवात करता येते. युरोपच्या औषध नियामक संस्थेनं उपचाराआधी ही तपासणी करा असं एप्रिल २०२० मध्येच सांगितलं.

तपासणीत सगळं सापडत नाही, हेही मी मान्य करते. नेहमी तपासतात ते जनुकातले चार दोष मुख्यतः युरोपातल्या लोकांवरून ठरले आहेत. पण हे आमच्यासमोर बोलायचं तरी होतं. आईचं लुगडं, माझ्या चपला पाहून ‘यांना काय सांगायचं’ असं वाटलं का? एक बकरी विकली असती आम्ही.

नंतर आम्हीच नमुना पाठवला. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक सदोष निघाली. आई आता कुठलीच गोळी हातात घेत नाही, बीपीचीसुद्धा.

आणि आता मामा. खर्ऱ्यानं त्याचा जबडा गेला. तुम्ही ठरवलेल्या किमोत फाइव्ह-एफयू आहे. तो आईचा सख्खा भाऊ. तीच खोट त्याच्यात असण्याची शक्यता निम्मी. सोमवारी त्याला घेऊन येते आहे. आईचा अहवाल फाइलीत सगळ्यात वर लावला आहे. त्याच्या रक्ताचा अहवाल हातात येईपर्यंत त्याला ते सलाईन लावू नका.

हिंगणीच्या तुमच्या पेशंटची मुलगी