शितावरून भात कधी ओळखावा?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीबरोबर क्षेत्रीय प्रकल्प आणि संशोधन प्रकल्प ही पदवी अभ्यासक्रमाची अंगे होऊ लागली आहेत. पूर्वी पदव्युत्तर वर्गात भेटणारी संशोधनपद्धती आता अठरा-वीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या हाती येत आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु प्रश्नावली घेऊन घराबाहेर पडणे म्हणजेच संशोधन, असा समज त्याबरोबर रुजू पाहत असेल, तर वेळीच सावध व्हावयास हवे. सूत्रे पाठ असतात, संगणक क्षणार्धात दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तर देतो; मात्र ते उत्तर कशाचे, हे विचारण्याची सवय लागत नाही.

मालेगावचेच उदाहरण घ्यावे. १८५७ नंतरच्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या विणकरांनी या गावाला हातमागाची आणि पुढे यंत्रमागाची ओळख दिली. ‘यंत्रमाग कामगारांची आर्थिक स्थिती’ हा विषय येथील कोणत्याही विद्यार्थ्यास सहज सुचावा असा आहे. समजा, एका कारखान्यात नऊ कामगारांना दिवसाला प्रत्येकी ५०० रुपये मिळतात आणि मालकाला ५,५०० रुपये. दहा जणांची सरासरी १,००० रुपये येते. गणितात चूक नाही. पण त्या छपराखाली १,००० रुपये मिळविणारा एकही मनुष्य नाही. तेच उत्पन्न चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा घेतला, तर मध्यक ५०० रुपये येतो आणि खरी स्थिती उघड होते. उत्पन्नाची वाटणी जेथे विषम, तेथे सरासरीसोबत मध्यक आणि विचलन सांगितल्यावाचून चित्र पुरे होत नाही. मालक आणि मजूर यांना एका बेरजेत बसवावे काय, हा तर त्याआधीचा प्रश्न. ज्यांच्याविषयी निष्कर्ष काढावयाचा, तो समुदाय कोणता हे आरंभीच ठरले पाहिजे.

दुसरा प्रश्न नमुन्याचा. शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपण म्हणतो. गृहिणीची ती परीक्षा बरोबर ठरते, कारण पातेल्यातला भात साधारण एकसारखा शिजलेला असतो. गाव तसे नसते. मोसम नदीच्या एका बाजूस यंत्रमागांची दाट वस्ती, तर दुसऱ्या बाजूस कॅम्प, संगमेश्वर यांसारख्या निराळ्या व्यवसायांच्या वस्त्या. विद्यार्थी सकाळी अकराला घरोघर गेला, तर दिवसपाळीचा कामगार मागावर असतो आणि रात्रपाळीचा झोपलेला. भेटतो तो दुकानदार, निवृत्त मनुष्य किंवा ज्याला त्या दिवशी काम मिळाले नाही असा मजूर. शुक्रवारी माग बंद असतात, त्या दिवशी गेल्यास भेटणारी माणसे बदलतात. प्रश्नावली केवळ मराठीत असेल, तर उर्दू बोलणाऱ्या घरातून उत्तर देणारा तो शाळेत शिकलेला मुलगा असतो. घर चालविणारा नव्हे. ओळखीच्या पन्नास घरांना ‘यादृच्छिक नमुना’ म्हणणे हे तर शब्दाशीच वैर होय. यादृच्छिक निवड म्हणजे मनाला येईल तशी निवड नव्हे. समुदायातील प्रत्येक घटकाला निवडले जाण्याची ठरावीक, ज्ञात संधी देणारी ती शिस्त आहे.

नमुना मोठा केला की दोष आपोआप जातो, ही समजूतही खरी नाही. योगायोगाने होणारी चूक नमुन्याच्या वाढीबरोबर घटते. नमुना चौपट केला की ती सुमारे निम्मी होते. पण निवडीतच कल शिरला असेल, तर हजार घरांचा नमुना तीच चूक अधिक ठामपणे सांगतो. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पिकांच्या कापणी प्रयोगांवर काम करताना हे प्रत्यक्ष दाखविले. अगदी लहान तुकड्यांवर कापणी केली की उत्पन्नाचा अंदाज फुगतो, कारण काठावरची रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा हात झुकतो. तुकडा लहान असल्याने काठाचा वाटा मोठा ठरतो. अशा तुकड्यांची संख्या कितीही वाढविली, तरी हा दोष हटत नाही. अन्नटंचाईच्या त्या काळात धान्याचा फुगलेला अंदाज ही केवळ कागदावरची चूक नव्हती.

आकड्यांवर निधीची वाटणी कशी अवलंबून असते, हे महाराष्ट्राला निराळे सांगावयास नको. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोलावर अहवाल दिला, तेव्हा राज्याची सरासरी हा मापदंड धरून जिल्ह्यांचा अनुशेष मोजला. एका सरासरीभोवती पुढे कित्येक वर्षे राजकारण फिरले. पण जिल्हा हे एकक घेतले की जिल्ह्याच्या पोटातील विषमता झाकली जाते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. निफाडच्या द्राक्षबागा आणि सुरगाण्या-पेठेचे डोंगर एकाच नाशिक जिल्ह्यात मोडतात. जिल्ह्याच्या सरासरीत मालेगावचा माग आणि सुरगाण्याचे शेत, दोन्ही दिसेनासे होतात.

उपाय अवघड नाहीत. कोणत्याही प्रकल्पात समुदाय कोणता, त्याची यादी कोठून मिळविली, घटक कसे निवडले, किती जण भेटले नाहीत वा बोलले नाहीत, हे पहिल्याच पानावर लिहिणे सक्तीचे करावे. वस्तीवार स्तर पाडून नमुना घ्यावा. दोन्ही पाळ्यांच्या आणि सुटीच्या वेळी भेटी द्याव्यात. संगणकाची कळ दाबण्यापूर्वी वीस आकडे हाताने मांडून सरासरी, मध्यक आणि विचलन काढून घ्यावे. आणि गुण देताना निष्कर्षाच्या झगमगाटापेक्षा आपल्या आकड्यांच्या मर्यादा सांगणाऱ्या विद्यार्थ्याला अधिक मान द्यावा. महाविद्यालयांना यासाठी वेगळा निधी लागत नाही. शिक्षकाचा वेळ आणि थोडा आग्रह पुरे.

मालेगावचा कामगार दिवसाला हजार रुपये मिळवितो, असे एका प्रकल्पात छापले गेले, तर ते वाक्य महाविद्यालयाच्या कपाटातच राहील याची खात्री कोण देणार? उद्या तेच मजुरीच्या वाटाघाटीत मालकाच्या बाजूने उद्धृत होईल, योजनेच्या टिपणात उतरेल, आणि पाचशे रुपये मिळविणाऱ्याला ते खोडून काढण्याचे साधन नसेल. संख्याशास्त्राचा पहिला धडा म्हणूनच सूत्राने नव्हे, ‘हा आकडा कोणाचा?’ या प्रश्नाने सुरू झाला पाहिजे.